दिंडीच्या ट्रकवरची वीज

आषाढी एकादशीच्या सुमारे महिनाभर आधी मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरकडे निघते. बुलढाणा, जालना, बीड, सोलापूर असे जिल्हे ओलांडत पाचशेहून अधिक किलोमीटरची वाट पायी चालायची असते. वारकरी पायी चालतात, पण त्यांचा संसार चाकांवर चालतो. दिंडीबरोबर एक ट्रक असतो. त्यात राहुट्या, सतरंज्या, मोठाली पातेली, शिधा, गॅसच्या टाक्या, पाण्याची पिंपे असा सगळा पसारा भरलेला असतो. परदेशात हौशी प्रवासी मोटरहोम नावाच्या चालत्या घरातून हिंडतात. आपल्याकडचे चालते घर म्हणजे दिंडीचा ट्रक, आणि त्यावर अवलंबून असलेली माणसे मात्र चाळीस-पन्नास!

या चालत्या घराला वीज कोठून मिळणार? मुक्काम कधी शाळेच्या पटांगणात असतो, तर कधी गावाबाहेरच्या उघड्या रानात. अंधार पडल्यावर स्वयंपाक आवरायचा असतो, कीर्तन असते, पावसाळ्याचे दिवस म्हणून विंचू-काट्याची भीती असते. बायामाणसांना रात्री बाहेर जावे लागते. शिवाय आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो आणि त्याला रोज वीज भरवावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, समजा असोद्याच्या चाळीस माणसांच्या एका दिंडीने हे काम तुमच्यावर सोपवले आहे. असोदा म्हणजे जळगावजवळचे, बहिणाबाई चौधरींचे जन्मगाव. दिंडीतले आबा तुम्हाला विचारतात, "तुम्ही विज्ञान शिकता ना? मग ट्रकवर कोणता इन्व्हर्टर बसवायचा, ते सांगा." दुकानात गेलात तर दुकानदार पहिला प्रश्न विचारील, "किती वॅटचा देऊ?" आपण मात्र या प्रश्नाचे उत्तर इतक्यात द्यायचे नाही. प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू या.

झोका आणि धक्का

बॅटरीतून मिळणारा प्रवाह एकदिश असतो, म्हणजे तो एकाच दिशेने वाहतो. घरातल्या भिंतीवरच्या खटक्यातून मिळणारा प्रवाह प्रत्यावर्ती असतो. तो सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे असे पूर्ण हेलकावे घेतो आणि त्याचा दाब २३० व्होल्ट असतो. बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून २३० करायचे तर रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हवा. पण रोहित्र एकदिश प्रवाहावर चालत नाही. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले, की शेजारच्या वेटोळ्यात वीज प्रवर्तित व्हायची तर चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहिले पाहिजे. बॅटरीचा प्रवाह संथ व अचल! म्हणून आधी त्याला आलटून पालटून उलटसुलट करावे लागते. हे काम इन्व्हर्टरमधील ट्रान्झिस्टर करतात. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र आधीपासून माहीत होते. त्याच्या उलट काम करणारे म्हणून डेव्हिड प्रिन्स या अमेरिकन अभियंत्याने १९२५ साली एका लेखात याला इन्व्हर्टर, म्हणजे उलटवणारा, असे म्हटले.

मात्र उलटवण्याची रीत सर्व इन्व्हर्टरांत सारखी नसते. आखाजीला आपल्याकडे निंबाच्या झाडाला झोका बांधतात, तो आठवा. झोका टोकाला हळू होतो, क्षणभर थांबतो, मग वेग घेत मध्याकडे येतो आणि पुन्हा मंदावत दुसऱ्या टोकाला जातो. त्याच्या स्थितीचा कालानुसार आलेख काढला तर सुबक वळणांची रेषा मिळते. तिला ज्या-वक्र म्हणतात. वीजमंडळाची वीज नेमकी अशीच झुलते. आता कोणी झोका धरून तो एका टोकावरून दुसऱ्या टोकावर एकदम हिसकला, तेथे थोडा वेळ रोखून धरला आणि पुन्हा उलट हिसकला, तर? स्वस्तातला इन्व्हर्टर असेच करतो. त्याचा आलेख चौकोनी कंगोऱ्यांसारखा दिसतो.

या कंगोऱ्यांनी बिघडते काय? वीणेची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेचे उपस्वरही निघतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. चौकोनी तरंगातही मूळ ५० हेलकाव्यांखेरीज १५०, २५०, ३५० अशा कंप्रतांचे तरंग मिसळलेले असतात. वीणेचे उपस्वर कानाला गोड लागतात. पंख्याच्या चलित्राला, म्हणजे मोटरला, हे उपस्वर अजिबात मानवत नाहीत. ते चलित्र फिरवण्याच्या कामी येत नाहीत, फक्त त्याचे लोखंड व तांबे तापवतात. पंखा गुणगुणतो, ध्वनिवर्धकातून घरघर ऐकू येते. दिव्यांना आणि मोबाइलच्या चार्जरला सहसा याचे काही वाटत नाही, कारण चार्जर आलेल्या प्रवाहाला लगेच एकदिशच करून टाकतो.

शुद्ध ज्या-वक्र देणारे इन्व्हर्टर आता सर्रास मिळतात. त्यांतील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. दाब जास्त हवा तेथे ते अधिक काळ उघडे राहतात, कमी हवा तेथे कमी काळ, आणि या असंख्य तुकड्यांची सरासरी झोक्यासारखी गुळगुळीत येते. दिंडीत दम्याच्या एखाद्या आजोबांचे नेब्युलायझर चालवायचे असेल, तर याच जातीचा घ्यावा. थोडे पैसे अधिक पडतात, पण येथे काटकसर करू नये असे माझे मत आहे.

वॅट आणि वॅट-तास

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडे वळू. वॅट म्हणजे ऊर्जा खर्च होण्याचा वेग. नळाची धार किती मोठी, हे वॅटवरून कळते. टाकीत पाणी किती, हे कळत नाही. टाकी मोजायची ती वॅट-तासांत. इन्व्हर्टर हा नळ आहे, बॅटरी ही टाकी. नुसता मोठा नळ आणल्याने टाकीत पाणी वाढत नाही! तरीही पुष्कळ लोक नळ आधी विकत घेतात आणि टाकीचा विचार मागून करतात.

तेव्हा आधी एका रात्रीचा हिशेब मांडू. नऊ वॅटचे सहा एलईडी दिवे पाच तास लावले, तर ६ × ९ × ५ = २७० वॅट-तास. मोबाइलच्या ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. चार्जरमधील नासाडी धरून २५ म्हणू. चाळीस माणसांचे फोन रोज पूर्ण रिकामे होत नाहीत, म्हणून पंधरा पूर्ण भरण्या धरल्या तर ३७५. कीर्तनासाठी ५० वॅटचा ध्वनिवर्धक तीन तास, म्हणजे १५०. आणि चटणी-वाटणासाठी ५०० वॅटचा मिक्सर बारा मिनिटे, म्हणजे १००. एकूण झाले ८९५ वॅट-तास.

या बेरजेत एक गंमत दडली आहे. सर्वांत कमी ऊर्जा खाणारा मिक्सर आहे, पण नळ केवढा हवा हे तोच ठरवतो. बाकी सर्व मिळून दोनशे-अडीचशे वॅटच्या पुढे जात नाही. मिक्सर मात्र एकटाच ५०० वॅट ओढतो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. स्थिर असलेले चलित्र फिरू लागेपर्यंत प्रवाहाला विरोध फारसा नसतो, म्हणून हा उसळता प्रवाह. पाण्याचा पंप याहूनही खादाड. त्याचा सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या पाच-सहा पट असू शकतो.

मग मिक्सर चैनीचा म्हणून काढून टाकावा का? आपल्याकडे भरीत, ठेचा बडगीत कुटतातच की! पण मिक्सरला चैन म्हणणारे बहुधा पाट्यासमोर बसलेले नसतात. वीस किलोमीटर चालून आल्यावर चाळीस माणसांचे वाटण हाताने वाटायचे कोणी, हा प्रश्न विज्ञानाचा नसला तरी इन्व्हर्टर निवडताना विचारायलाच हवा. मी तरी मिक्सर ठेवीन.

तेव्हा ५०० वॅटचा मिक्सर, तो चालू असताना पेटलेले दिवे आणि थोडी मोकळीक धरून सुमारे ७०० वॅट सतत देणारा इन्व्हर्टर हवा. खोक्यावरचे आकडे वाचताना सावध राहावे. त्यावर बहुधा व्होल्ट-अँपिअर छापलेले असतात, आणि ९०० व्होल्ट-अँपिअरच्या इन्व्हर्टरातून प्रत्यक्षात सुमारे सातशे वॅटच मिळतात. काही ठिकाणी ठळक अक्षरांतला आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो आणि सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा बारीक टाइपात लपलेला असतो. बारीक टाइपच वाचायचा. आणखी एक खूण सांगतो. जुन्या धाटणीच्या, लोखंडी गाभ्याचे जड रोहित्र असलेल्या इन्व्हर्टरला चलित्राची उसळी चांगली सोसते. हलक्या, सुटसुटीत इन्व्हर्टरांना ती तितकीशी सोसत नाही. ट्रकवर वजनाची चिंता नसल्याने येथे जडच बरा.

अर्धीच टाकी आपली

इन्व्हर्टर फुकट काम करीत नाही. साधारणपणे आत गेलेल्या ऊर्जेपैकी ८५ टक्के बाहेर येते, उरलेली उष्णतेत जाते. म्हणून ८९५ मिळवायला बॅटरीतून सुमारे १,०५३ वॅट-तास काढावे लागतील. शिवाय काहीही जोडलेले नसताना तो नुसता चालू ठेवला, तरी दहा-बारा वॅट खातच राहतो. रात्रीचे दहा तास चालू राहिला तर १२० वॅट-तासांची भर. एकूण ११७३. याला १२ व्होल्टने भागले की सुमारे ९८ अँपिअर-तास येतात.

म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी पुरेल? नाही. प्लांतेने १८५९ साली शोधलेली शिसे-आम्ल बॅटरी आजही आपल्या घराघरांत आहे. तिचा स्वभाव असा, की ती दर वेळी तळापर्यंत रिकामी केली तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून तिची निम्मीच ऊर्जा वापरायची, असा अनुभवी कारागिरांचा दंडक आहे. त्या हिशेबाने सुमारे २०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटरीतून ८० टक्के ऊर्जा बिनधोक काढता येते आणि ती वजनालाही बरीच हलकी असते. पण तिची किंमत ऐकून आबा आपल्याकडे कसे पाहतील, याचा विचार करावा!

बॅटरीवरच्या आकड्यातही एक मेख आहे. १५० अँपिअर-तास हा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरने, रिकामी केली तर मिळणारा असतो. घाईने काढू गेल्यास ती कमी देते. पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली या घटीचे सूत्र मांडले. त्या बॅटरीतून ६० अँपिअर ओढले, तर साध्या भागाकाराने अडीच तास यायला हवेत. प्रत्यक्षात पावणेदोन तासांच्या आसपासच ती मान टाकते.

आणि ट्रकची स्वतःची बॅटरी या कामाला मुळीच वापरू नये. ती इंजिन सुरू करताना काही सेकंद प्रचंड प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या पट्ट्या पातळ असतात, त्यांना रात्रभराचे उपसणे सोसत नाही. परिणाम पहाटे दिसतो. काकड आरती झालेली, सामान भरलेले, आणि ट्रक सुरू होत नाही. मग चाळीस वारकरी ट्रक ढकलतात. हे दृश्य मी पाहिले आहे. बहुतेक ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. काही जण त्यांतील एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा इन्व्हर्टर जोडतात. मग एक बॅटरी रिकामी आणि दुसरी भरलेली, अशी विषम जोडी होते. ट्रकचे जनित्र दोघींना एकदमच वीज भरते. त्यात एक उपाशी राहते, दुसरी अजीर्णाने उकळते, आणि थोड्याच दिवसांत दोन्ही निकामी होतात.

तापलेली तार

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एका मुक्कामावर इन्व्हर्टर वारंवार शिटी वाजवून बंद पडत होता. सगळे बॅटरीला दोष देत होते. मी बॅटरीपासून निघालेल्या तारेला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. घरात दिव्यांसाठी वापरतात ती दीड चौरस मिलिमीटर छेदाची तार कोणी तरी तेथे जोडली होती. शेजारीच सतरंज्यांचा ढीग होता आणि त्यापलीकडे गॅसच्या टाक्या.

असे का झाले, ते ओहमच्या नियमाने काढता येते. ६०० वॅट हवेत तर बॅटरीतून सुमारे ७०६ वॅट निघाले पाहिजेत. ७०६ भागिले १२, म्हणजे जवळजवळ ५९ अँपिअर! हेच ६०० वॅट घरात २३० व्होल्टवर घेताना केवळ २.६ अँपिअर लागतात. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०११५ ओहम असतो. बॅटरीपासून इन्व्हर्टर तीन मीटर दूर असला तर जाऊन-येऊन सहा मीटर तार, म्हणजे ०.०६९ ओहम. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ५९ ने गुणल्यावर ४ व्होल्ट येतात. बारापैकी चार व्होल्ट वाटेतच संपले. इन्व्हर्टरपर्यंत पोचले आठ. तो बिचारा बंद पडणार नाही तर काय? आणि तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून काढली, तर सुमारे २४० वॅट भरते. लहानशी शेगडीच ती, सतरंज्यांच्या शेजारी ठेवलेली.

येथे २५ चौरस मिलिमीटरची जाड तार वापरली तर रोध सतरापट घटतो आणि दाबाची घट पाव व्होल्टवर येते. त्याहून सोपा उपाय म्हणजे इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ, मीटरभर अंतरावर ठेवायचा आणि लांबची तार २३० व्होल्टच्या बाजूने न्यायची, कारण तेथे प्रवाह कमी. बॅटरीकडची तार आखूड व जाड. दिव्यांकडची लांब आणि बारीक चालेल. २४ व्होल्टची स्वतंत्र जोडी घेतली तर प्रवाह निम्मा होतो आणि उष्णता चौथाईवर येते, हेही ध्यानात ठेवावे.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच १०० अँपिअरचा फ्यूज हवा. तो इन्व्हर्टरजवळ बसवून उपयोग नाही, कारण मधल्या तारेचे आवरण घासून ती ट्रकच्या पत्र्याला टेकली तर तिला वाचवणारे कोणी उरत नाही. बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा ती बंद पेटीत किंवा गॅसच्या टाक्यांजवळ ठेवू नये. आणि २३० व्होल्ट ते २३० व्होल्टच. बॅटरीतून आले म्हणून त्यांचा धक्का सौम्य नसतो. ओल्या जमिनीवर, पावसात, ही जोडणी माहीतगार वायरमनकडूनच करून घ्यावी.

रिकामी झालेली टाकी भरायची कशी? पालखी दिवसाला साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटर चालते. तेवढे अंतर ट्रक तासाभरात कापतो. म्हणजे त्याचे जनित्र दिवसातून तासभरच फिरते, आणि शिसे-आम्ल बॅटरीला तर सावकाश जेवायची सवय. पोट भरायला तिला दहा-बारा तास लागतात. टपावर ३३० वॅटचा सौर पट्ट बसवला तर स्वच्छ उन्हात बारा-तेराशे वॅट-तास मिळू शकतात. पण हे दिवस ज्येष्ठ-आषाढाचे. ढगाळ दिवशी त्याच्या चौथाईवर समाधान मानावे लागते. म्हणून मुक्कामाच्या गावी शाळेत किंवा देवळात रात्रभर चार्जर लावण्याची सोय विचारून ठेवावी, आणि जेथे मिळेल तेथे ती घ्यावी.

एवढे गणित केल्यावर आपल्या यादीकडे पुन्हा एकदा पाहा. एलईडी दिव्याला मुळात एकदिश प्रवाहच लागतो. मोबाइललाही. १२ व्होल्टवर चालणारे दिवे बाजारात मिळतात, मोटारीत बसवायचे मोबाइल चार्जर मिळतात, आणि सभा-कीर्तनात वापरायचे कित्येक ध्वनिवर्धक बॅटरीवरही चालतात. त्यांच्या मागे तशी जोडणी दिलेली असते. मग १२ चे २३० करायचे आणि पुन्हा २३० चे ५ करायचे, हा द्राविडी प्राणायाम कशाला? ही सर्व उपकरणे, आपापल्या लहान फ्यूजसह, सरळ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतली तर ७९५ वॅट-तास इन्व्हर्टरला न शिवताच खर्च होतात. तो लागतो फक्त मिक्सरच्या बारा मिनिटांपुरता आणि क्वचित नेब्युलायझरसाठी, एरवी बंद. मिक्सरचे १०० वॅट-तास बॅटरीतून काढताना ११८ होतात. एकूण ९१३, म्हणजे ७६ अँपिअर-तास. अर्ध्या टाकीचा दंडक पाळूनही १५० अँपिअर-तासांची बॅटरी भागवते, आणि २०० ची घ्यावी लागत नाही.

आता आबांना सांगा: ९०० व्होल्ट-अँपिअरचा, शुद्ध ज्या-वक्राचा, जड रोहित्राचा इन्व्हर्टर, १५० अँपिअर-तासांची स्वतंत्र बॅटरी, मीटरभर जाड तार व तिच्या तोंडाशी फ्यूज. दिंडी निघण्याच्या आठ दिवस आधी असोद्यातच ट्रक उभा करून एक रात्र सगळे चालवून पाहा. तासाभराने तारेला हात लावा. ती कोमटाहून अधिक गरम लागता कामा नये. सकाळी सर्व बंद करून बॅटरीला दोन-तीन तास विसावा द्या आणि मग मल्टिमीटरने दाब मोजा. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास असते, निम्मी उरलेली १२.२ च्या. काटा १२.२ च्या खाली गेला असेल तर यादीतले काय वगळायचे, याचा निर्णय गावात असतानाच घ्या.